वेग आधी, ब्रेक मागाहून

मोटारसायकलच्या इतिहासात वेगाचे कौतुक फार झाले. थांबण्याच्या शास्त्राकडे बाजाराचे लक्ष मात्र उशिरा गेले. होंडा कंपनीने 2008 साली जाहीर केलेली, 'सीबीआर 600 आरआर' व 'सीबीआर 1000 आरआर' या शर्यती धाटणीच्या गाड्यांवरील अँटिलॉक ब्रेकयंत्रणा या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

ब्रेक करकचून दाबला की चाक जखडते, पण गाडी थांबत नाही. ती घसरत जाते. पुढचे चाक असे जखडले तर दुचाकीचा तोल क्षणार्धात जातो. अँटिलॉक यंत्रणा चाकांची गती सतत मोजते आणि चाक जखडू लागताच ब्रेकच्या तेलाचा दाब क्षणभर कमी करून पुन्हा वाढविते. शर्यती गाडीत हे अधिक अवघड असते. तिच्या दोन चाकांतील अंतर कमी असल्याने ब्रेक लावताच भार पुढे झुकतो आणि मागचे चाक उचलले जाऊ लागते. होंडाच्या अभियंत्यांनी चालकाने दिलेला दाब केवळ मोजण्याची व्यवस्था केली. ब्रेकवरील प्रत्यक्ष दाब इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाच्या हिशेबाने विद्युत मोटर देते. पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणीही तोच नियंत्रक करतो. या सोयीचे मोल म्हणजे सुमारे 10 किलो वाढीव वजन.

परंतु कल्पना जुनीच आहे. विमानांसाठी डनलॉपने बनविलेली 'मॅक्सारेट' यंत्रणा ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेने 1958 साली रॉयल एनफिल्डच्या 'सुपर मेटिऑर'वर बसवून तपासली होती. ती उत्पादनात आली नाही. बीएमडब्ल्यूच्या 'के 100'वर इलेक्ट्रॉनिक अँटिलॉक येण्यास 1988 साल उजाडले. इलेक्ट्रॉनिक्स प्रगत होणे आवश्यक होते, हे खरे. पण जी वस्तू गिऱ्हाईक मागत नाही ती कारखानदार सहसा बनवीत नाही, हेही तितकेच खरे.

आणि गिऱ्हाइकाच्या हिशेबात अपघाताची पुरती किंमत कधीच धरलेली नसते. ती त्याचे कुटुंब, सार्वजनिक रुग्णालये आणि रस्त्यावरचा पादचारी भरतो. म्हणूनच येथे कायद्याला हस्तक्षेप करावा लागतो. भारतात 125 सीसीहून मोठ्या दुचाकींच्या नव्या मॉडेलांना 1 एप्रिल 2018 पासून आणि जुन्या मॉडेलांच्या नव्या गाड्यांना 1 एप्रिल 2019 पासून अँटिलॉक सक्तीचे झाले; त्याखालील गाड्यांना संयुक्त ब्रेक पुरेसा मानला गेला. परंतु पावसाने निसरडा झालेला रस्ता इंजिनाची क्षमता विचारीत नाही. शंभर सीसीच्या गाडीवरून कामावर जाणाऱ्या कारकुनाचा जीव शर्यतवीराच्या जिवाहून स्वस्त नव्हे. सुरक्षितता ही चैनीची वस्तू नाही, एवढे तत्त्व एकदा मान्य केले की सीसीची रेषा कोठे ओढावी हा वाद गौण ठरतो.