कोंबड्याची चोच आणि फुगलेली शीर

ऑस्ट्रेलियात ७६ वर्षांची एक महिला घरामागच्या खुराड्यातून अंडी काढत होती. कोंबडा चवताळून आला आणि पायावर चोच मारली. जखम लहानशी, पण नेमकी व्हेरिकोज व्हेनवर, म्हणजे फुगून वर आलेल्या शिरेवर. रक्त थांबले नाही आणि त्या दगावल्या. अ‍ॅडलेडचे न्यायवैद्यक तज्ज्ञ रॉजर बायर्ड यांनी २०१९ मध्ये ही घटना नोंदवली.

असे मृत्यू अगदी विरळा. पण खुराडी आपल्याकडे गावोगाव आहेत आणि तासन् तास उभ्याने राबणाऱ्या बायकांच्या पायांवर अशा शिराही. उभे असताना पायाच्या शिरांत रक्ताचा दाब जास्त असतो, त्यावरची कातडीही पातळ झालेली असते. घाबरलेले माणूस हळद शोधत घरभर फिरते, तेच घातक. लगेच आडवे व्हावे, पाय छातीपेक्षा उंच धरावा, स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबावी आणि दहा मिनिटे उचलून पाहू नये. वर दोरी आवळू नये. अशा जखमेतून रक्त उलट जास्त वाहू शकते. मग दवाखाना आणि धनुर्वाताचे इंजेक्शन. कोंबड्यामुळे रेबीज होत नाही. पिसाळलेले कुत्रे चावलेल्या गाई-म्हशींची गोष्ट वेगळी.

कोंबडा अंगावर येतो तो बहुधा आपल्या कोंबड्यांच्या राखणीसाठी. अंडी काढताना सूप किंवा बादली पुढे धरावी, पाठ न दाखवता सावकाश मागे सरावे. लहान मुलांचा चेहरा त्याच्या झेपेत सहज येतो. डोळा जाऊ शकतो. मारका कोंबडा पोरांच्या अंगणात मोकळा सोडूच नये.