विमान जोडणीचा वाढता कारभार आणि आपला लेथवाला

भवानीनगरला श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की रस्त्याकडेच्या वर्कशॉपमध्ये रात्री बारापर्यंत वेल्डिंगची ठिणगी उडत असते. ट्रॅक्टरचा हुक तुटला, ट्रॉलीचा एक्सल वाकला, पंपाचा शाफ्ट झिजला, की माणसे इथेच धाव घेतात. या वर्कशॉपांत आपले कारागीर बंधू मोठ्या संख्येने आहेत. कोणी टर्नर, कोणी फिटर, कोणी रेडिएटरवाला, कोणी मोटार रिवाइंडिंग करणारा. हंगाम संपला की मात्र यांच्यापैकी अनेकांच्या लेथवर कापड झाकलेले दिसते.

अशाच एका दुकानात बसलो असता आमच्या डोक्यावरून बारामतीच्या धावपट्टीवरचे शिकाऊ वैमानिकांचे छोटे विमान घरघरत गेले. दुकानाचे मालक, वयाने साठीच्या पुढचे चाचा, वर पाहत म्हणाले, "पेपरात येतंय की आता नागपूरला जेट विमान जोडणार. त्यातला एखादा बोल्ट तरी आमच्या लेथवर वळेल का हो?" प्रश्न हसत विचारलेला होता, पण त्यांच्या मुलाने नव्या सीएनसी मशीनसाठी कर्जाचे कागद आणून ठेवले होते, हे नंतर कळले. म्हणून या आठवड्यात आम्ही हाच विषय घेतला आहे.

इंदापूर तालुक्याचा जुना संबंध

विमानाच्या कारखानदारीचे नाव काढले की लोकांना परदेश आठवतो. वस्तुस्थिती अशी आहे की, हिंदुस्थानातील पहिल्या विमान कारखान्याचे मूळ आपल्या तालुक्याशी जोडलेले आहे. भवानीनगरहून जंक्शनमार्गे वालचंदनगर फार लांब नाही. ज्यांच्या नावाने हे गाव वसले, ते सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी 23 डिसेंबर 1940 रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. त्यासाठी म्हैसूर संस्थानाने जागा दिली आणि भांडवलातही वाटा उचलला. त्या वेळी म्हैसूरचे दिवाण होते सर मिर्झा इस्माईल. सोलापूरचा जैन व्यापारी आणि म्हैसूरचा मुसलमान दिवाण यांच्या विश्वासावर हा कारखाना उभा राहिला, ही गोष्ट आजच्या पिढीला सांगण्यासारखी आहे.

ऑगस्ट 1941 मध्ये तेथे हार्लो जातीचे पहिले शिकाऊ विमान जोडून उडवण्यात आले. सुटे भाग अमेरिकेतून आले होते, जोडणी इथल्या हातांनी केली. पुढे 1942 मध्ये युद्धाच्या धामधुमीत सरकारने वालचंद यांचा हिस्सा विकत घेऊन कारभार आपल्याकडे घेतला. याच कंपनीतून पुढे आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स निघाली. इकडे वालचंदनगरच्या कारखान्यात साखर कारखान्यांची यंत्रे तर बनलीच, शिवाय इस्रोच्या पीएसएलव्हीसारख्या अग्निबाणांच्या मोटारींची आवरणेही तयार झाली. ज्या गावात उसाच्या चरकाचे काम होते, त्याच गावात अवकाशाचे काम होऊ शकते, याचा हा पुरावा आहे.

नागपूरला काय चालले आहे?

नागपूरच्या मिहान प्रकल्पात फ्रान्सची दासो कंपनी आणि रिलायन्स यांचा संयुक्त कारखाना आहे. 2019 पासून तेथे फाल्कन 2000 या जेट विमानाचे मोठे भाग जोडले जात आहेत. जून 2025 मध्ये पॅरिसच्या विमान प्रदर्शनात या दोन कंपन्यांनी जाहीर केले की, फाल्कन 2000 एलएक्सएस हे संपूर्ण विमानच नागपूरला जोडले जाईल आणि 2028 पर्यंत पहिले विमान तेथून उड्डाण करील. फाल्कनची अंतिम जोडणी फ्रान्सबाहेर होण्याची ही पहिलीच वेळ आहे. हे विमान उद्योगपती व कंपन्यांच्या वापराचे असते. तिकीट काढून बसायचे मोठे प्रवासी विमान हे नव्हे, हे ध्यानात घ्यावे.

मोठ्या प्रवासी विमानांचे सुटे भाग मात्र महाराष्ट्रात आधीपासून होत आले आहेत. मिहानमध्येच टाटा समूहाच्या कारखान्यात बोइंग 787 च्या फरशीखालचे आधाराचे बीम तयार झाले. पुण्याच्या भारत फोर्जने 2016 पासून बोइंग 737 साठी टायटॅनियमचे घडीव भाग पाठवले. शेजारी बडोद्याला ऑक्टोबर 2024 मध्ये टाटा-एअरबसच्या सी-295 या लष्करी वाहतूक विमानाच्या जोडणीचा कारखाना सुरू झाला. ऑक्टोबर 2025 मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सने रशियन कंपनीशी एसजे-100 या प्रवासी जेटच्या उत्पादनाबाबत करार केला. अखंड प्रवासी विमान बनवण्याचे आपल्या देशातले याआधीचे मोठे काम म्हणजे एव्ह्रो. ते 1961 मध्ये सुरू होऊन 1988 मध्ये थांबले.

जोडणी म्हणजे नेमके काय?

अंतिम जोडणीच्या कारखान्यात विमान 'बनत' नाही, तर 'जमते'. नाकाचा भाग एका ठिकाणाहून, पंख दुसरीकडून, शेपूट तिसरीकडून, इंजिन आणखी कोठून येते. मोठ्या सांगाड्यांत, म्हणजे जिगमध्ये, हे भाग बसवून त्यांना नेमकी छिद्रे पाडतात व रिव्हेट मारतात. मग वायरिंग, तेलाच्या व हवेच्या नळ्या, चाके, इंजिन, खुर्च्या असा क्रम असतो. विमान एका ठाण्यावरून पुढच्या ठाण्यावर सरकते. शेवटी तपासणी, रंग, चाचणी उड्डाण आणि सरकारी प्रमाणपत्र. बोइंग 787 मध्ये सुमारे 23 लाख सुटे भाग असतात. त्यांतला एक जरी वेळेवर आला नाही, तरी अख्खे विमान ठाण्यावर अडकून पडते.

आपल्या भागातील माणसाला हे समजावून सांगायला नको. कारखान्याची गाळप क्षमता कागदावर वाढवली, पण ऊसतोडणी टोळ्या तेवढ्याच राहिल्या, बॉयलर जुनाच राहिला, तर काय होते? गव्हाणीपुढे गाड्यांची रांग लागते आणि ऊस वाळतो. सगळ्यात कमी ताकदीचा जो टप्पा, तीच कारखान्याची खरी क्षमता. विमानाचेही तसेच आहे.

घाई केल्याचे फळ

1997 मध्ये बोइंगकडे मागणीचा पूर आला. कंपनीने उत्पादन झपाट्याने वाढवले, पण सुटे भाग व प्रशिक्षित कामगार पुरेसे मिळेनात. ऑक्टोबर 1997 मध्ये 737 आणि 747 च्या जोडणीचे काम सुमारे महिनाभर थांबवावे लागले. मागणी भरपूर असतानाही त्या वर्षी कंपनीला तोटा झाला, आणि तोही पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

दुसरे उदाहरण बोल्टचेच आहे. 8 जुलै 2007 रोजी 787 चे पहिले विमान थाटामाटात लोकांपुढे आणले गेले. विमानाला लागणारे खास बोल्ट बाजारात मिळत नव्हते, म्हणून पुष्कळ ठिकाणी तात्पुरते बोल्ट लावून विमान उभे केले होते. नंतर ते काढून बदलावे लागले. पहिले विमान ग्राहकाच्या हाती पडले ते सप्टेंबर 2011 मध्ये, ठरल्या वेळेपेक्षा तीन वर्षांहून अधिक उशिराने.

तिसरे उदाहरण अलीकडचे. 5 जानेवारी 2024 रोजी अमेरिकेत अलास्का एअरलाइन्सच्या 737 मॅक्स 9 विमानाच्या बाजूचा दरवाजाएवढा तुकडा हवेत उडून गेला. चौकशीत दिसले की, त्याला धरून ठेवणारे चार बोल्ट लावलेलेच नव्हते. कारखान्यात दुरुस्तीसाठी तो भाग उघडला, परत लावला, पण उघडल्याची नोंद झाली नाही. नोंद नाही म्हणून तपासणी नाही. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. अमेरिकन सरकारने मात्र या विमानांचे उत्पादन महिन्याला 38 वर रोखून धरले. ऑक्टोबर 2025 मध्ये ही मर्यादा 42 करण्यात आली.

युरोपच्या एअरबसने 2027 मध्ये ए320 वर्गाची 75 विमाने दरमहा काढण्याचे उद्दिष्ट 2025 मध्ये ठेवले होते. पण 2025 च्या मध्यावर तिची सुमारे 60 विमाने तयार होऊन केवळ इंजिनाअभावी उभी होती. गिऱ्हाइकांची तर कमी नाही. आपल्याकडच्या एअर इंडियाने फेब्रुवारी 2023 मध्ये 470 आणि इंडिगोने जून 2023 मध्ये 500 विमानांची मागणी नोंदवली. थोडक्यात, मागणी आहे, पैसा आहे, अडचण आहे ती भरवशाच्या माल पुरवणाऱ्याची. आपल्या कारागिराला संधी दिसते ती इथेच, आणि धोकाही इथेच आहे.

आपली तयारी किती?

चाचांच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यायचे तर, आजच्या स्थितीत विमानाचा बोल्ट त्यांच्या लेथवर वळणार नाही. कारण हाताच्या कौशल्याची कमी हे नव्हे. विमानाचा भाग घेणारी कंपनी एएस 9100 या दर्जाचे प्रमाणपत्र मागते. उष्णता-प्रक्रिया, मुलामा यांसारख्या कामांना वेगळी मान्यता लागते. लोखंडाची वा टायटॅनियमची कांब कोणत्या भट्टीतून, कोणत्या घाण्यातून आली, कोणत्या मशीनवर, कोणत्या दिवशी, कोणाच्या हातून वळली, याची नोंद वर्षानुवर्षे जपावी लागते. आपल्याकडे 'एक सूत इकडे-तिकडे' चालते. तिथे मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शावर माल नापास होतो. आणि नापास माल घासून-पुसून पुन्हा देण्याची सोय नसते.

म्हणून आमचा पहिला सल्ला असा की, केवळ बातमी वाचून महागडे मशीन घेऊ नये. विमानाच्या कामात नमुना मंजूर व्हायलाच दीर्घकाळ जातो. तोवर हप्ते थांबत नाहीत. त्यात व्याजाचे ओझे आपल्या दीनच्या दृष्टीनेही डोक्यावर असते. मशीन घ्यायचेच तर दोन-तीन भावंडांनी वा मित्रांनी नफा-तोट्याच्या भागीदारीत, लेखी करार करून घ्यावे. आपल्याकडे शिरकतीची रीत जुनी आहे, फक्त ती कागदावर आणण्याचा आळस असतो.

दुसरा सल्ला, थेट विमानाकडे न पाहता एक-दोन पायऱ्या खाली पाहावे. विमानाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यांना ट्रॉल्या, रॅक, शिड्या, पकडी, पॅकिंगच्या पेट्या असे साहित्यही लागते. अशा कामांना विमानाच्या भागाइतकी कडक मान्यता लागत नाही, आणि ती आपल्या फॅब्रिकेशनवाल्यांच्या आवाक्यातली आहेत. बारामती एमआयडीसी आणि पुण्यातील वाहन उद्योगाला माल देताना जी शिस्त लागते, ती या वाटेवरची पहिली शाळा आहे.

तिसरे, नोंदवही ठेवा. मायक्रोमीटर व व्हर्नियर वेळोवेळी तपासून घ्या. माल देताना मोजमापाचा कागद सोबत द्या. माप-तोलात चोख राहण्याची शिकवण आपल्या घराघरांत आहे. तीच शिकवण कागदावर उतरली की तिला दर्जा म्हणतात.

चौथे, पैशाची बाजू. उद्यम नोंदणी मोफत होते, ती करून घ्यावी. 2006 च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसल्यास 15 दिवसांत द्यावे लागतात. न दिल्यास फॅसिलिटेशन कौन्सिलकडे दाद मागता येते. उशिराबद्दलचे व्याज घ्यावे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण मुद्दल हा आपला हक्क आहे. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापारी बंधूंनी मात्र लक्षात ठेवावे की, 2021 पासून त्यांना उद्यम नोंदणी मिळत असली, तरी तिचा उपयोग बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरता आहे. 45 दिवसांचे संरक्षण त्यांना लागू नाही.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे, मुलांचे शिक्षण. नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये दासो कंपनीच्या मदतीने विमानाच्या सांगाड्याची जोडणी शिकवणारा दोन वर्षांचा फिटर अभ्यासक्रम सुरू झाला आहे. आपल्या वर्कशॉपमध्ये मुलगा दहाव्या वर्षापासून पाना धरतो, पण दहावी अर्धवट राहते. हात तयार आणि कागद कोरा, ही आपल्या समाजाची जुनी दुखणी आहे. नव्या कारखान्याचा दरवाजा उघडायला हात आणि कागद दोन्ही लागतात.

आम्ही हे सारे चाचांना सांगितले. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि मुलाला कर्जाचे कागद कपाटात ठेवायला सांगितले, "फाडू नको, ठेव. आधी आहे त्या लेथवर माल मोजून द्यायला शिकू." मग धाकट्या नातवाकडे वळून म्हणाले, "आणि तू उद्यापासून दुकानात शाळा सुटल्यावरच यायचं."

एखादे मोठे कंत्राट मिळाल्याइतकाच आनंद आम्हाला त्या वाक्याने झाला. 2028 मध्ये नागपूरहून ते विमान उडेल, इन्शाअल्लाह. त्या जोडणीत भवानीनगरच्या एखाद्या घरातला फिटर असावा, यासाठी तयारी आजच्या सकाळपासून करावी लागेल.