घरातील डोह

ब्राह्मणाच्या घरात माशांचा विषय काढणे म्हणजे सोवळ्याच्या पंगतीत कांद्याचे नाव घेण्यासारखे आहे, हे आम्ही जाणून आहो. तथापि गळ टाकून बसण्याचा नाद आपल्या मंडळींत मुळीच नाही, असे मात्र कोणी समजू नये. सुटीच्या दिवशी पहाटे 'फिरावयास' निघणारे, कापडी पिशवीत काठीचे तुकडे दडवून नेणारे आणि दुपारी रित्या हातांनी पण प्रसन्न मुद्रेने परतणारे काही गृहस्थ आमच्या चांगल्या परिचयाचे आहेत. आणि खरे सांगावयाचे तर त्यांच्या मेळ्यात आम्हीही आहोच. खावयाचा नाही तर धरावयाचा कशाला, ह्या घरातील मंडळींच्या प्रश्नाला ह्यांपैकी एकाजवळही समाधानकारक उत्तर नसते. मासा हाती घ्यावा, क्षणभर न्याहाळावा आणि पुन्हा पाण्यात सोडावा, एवढ्यानेच ज्यांचे मन तृप्त होते त्यांच्यासाठी आम्ही हे लिहीत आहो. पाहण्याचीच हौस असेल तर ती माशाच्या जबड्यात आकडा न रुतविताही भागते, आणि तीही घरबसल्या.

हा छंद परदेशी आहे असा एक आक्षेप येतो. काचेची पेटी परदेशी आहे खरी. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील मत्स्यगृह १८५३ साली उघडले आणि तेव्हापासून तिकडे तिचे वेड पसरले. परंतु शतपथ ब्राह्मणातील मनूची कथा आठवावी. हात धुण्यासाठी आणलेल्या पाण्यात सापडलेल्या इवल्याशा माशाला मनूने प्रथम घटात ठेविले, तो घटात मावेना तेव्हा खड्डा खणून त्यात ठेविले, आणि खड्डाही अपुरा पडला तेव्हा समुद्रात नेऊन सोडिले. घरी मासा पाळण्याची ह्याहून जुनी हकीकत आम्हांस ठाऊक नाही. आणि ह्या छंदातील मुख्य अडचणही तीत नेमकी आली आहे. तिच्याकडे पुढे वळू. गळाच्या नादालाही आधार आहेच. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोदाचे प्रकरण आहे. माशांच्या जाती कोणत्या, त्यांना काय चारावे, दोर कसा असावा, ह्याचा विचार त्यात गंभीरपणे केलेला आहे.

आता त्र्यंबकेश्वराकडे येऊ. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी पाऊस असा कोसळतो की श्रावणात प्रत्येक घळीतून ओढा धावतो, आणि चैत्रात त्याच ओढ्याचे चार डबके राहतात. कुशावर्त, गंगासागर इत्यादी तीर्थे पूजेची आहेत. तेथे जाळी घेऊन जाण्याचा विचारही कोणी करू नये. गावातील गोदावरीचे पात्र तर काही ठिकाणी सिमेंटच्या छताखाली गेले आहे. परंतु गावाबाहेर पडून बेझ्याकडे, चक्रतीर्थाच्या बाजूला गेले की नदीला नदीचे रूप येते. आणि आश्विनात पाणी निवळले म्हणजे खडकांच्या बेचक्यांत लहान लहान मासे स्वच्छ दिसू लागतात. शेतकऱ्याला विचारून त्याच्या बांधालगतच्या ओढ्यातून पाचसहा मासे आणले, तर त्याला हसू येईल, पण तो नको म्हणणार नाही.

ह्या माशांना नावे आहेत, आणि त्या नावांची मोठी गंमत आहे. कर्नल साइक्स हा इंग्रज अधिकारी १८२४ पासून काही वर्षे मुंबई सरकारसाठी दख्खनची माहिती गोळा करीत हिंडला. येथील माशांवरील त्याचा निबंध १८४१ साली लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या ग्रंथमालेत छापला गेला. नव्या जातींना शास्त्रीय नावे देताना त्याने कोळ्यांच्या तोंडचीच नावे उचलली. त्यामुळे जगातील विद्वान आजही दख्खनच्या महसीराला टॉर खुद्री म्हणतात. लॅबिओ बोगट, लॅबिओ पोटाइल ह्या लॅटिन जोडनावांचे दुसरे अंग असेच आमच्या नदीकाठचे आहे. आमचा आवडता मळ्या हाही त्यांतलाच. त्याचे नाव गॅरा मुल्या.

मळ्या हा वीतभराच्या आतलाच मासा, रंगाने मातकट, पहिल्या दर्शनी कोणालाही न भुलविणारा. त्याचे तोंड खालच्या अंगाला असून हनुवटीवर चकतीसारखा भाग असतो. त्याच्या जोरावर तो पुरात खडकाला चिकटून राहतो आणि दगडावरील शेवाळ खरवडून खातो. वर्षानुवर्षे आम्ही ज्या डोहात कणकेच्या गोळ्या टाकीत होतो, तेथे मळ्या मासे पुष्कळ होते, आणि त्यांतील एकानेही आमच्या गोळीकडे ढुंकून पाहिले नव्हते. कारण आम्हांस कळले ते पेटीच्या काचेवर तो पोटाकडून चिकटलेला दिसला तेव्हा. ज्याचे जेवण दगडावर वाढलेले आहे, त्याला अधांतरी लोंबणारा घास कसा रुचावा?

पहिला प्रयोग मात्र आमच्या मूर्खपणाने फसला. दोन फूट लांब, एक फूट रुंद व सव्वा फूट उंच अशी पेटी घेतली. तीत सुमारे ७० लिटर पाणी राहते, म्हणजे ७० किलो वजन झाले, तेव्हा तिवई भक्कम हवी एवढे आम्हांस सुचले. न सुचलेले असे की नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, आणि धावत्या पाण्यातील माशाला साचलेल्या पाण्यात श्वास पुरत नाही. सहा मळ्या मासे दोन दिवसांत गेले. घरातून उद्गार आला, "गळाने मारले असते तर निदान पाप उघड तरी झाले असते." ह्यावर आम्ही निरुत्तर झालो.

ज्यांना ही नामुष्की टाळावयाची आहे त्यांनी घाई करू नये. पाणी एकदोन दिवस उघड्या भांड्यात ठेवून मग पेटीत ओतावे, किंवा क्लोरीन मारणारे औषध दुकानात मिळते त्याचे थेंब घालावेत. नदीची धुतलेली वाळू, दोनचार गोटे, हायड्रिलाची एखादी जुडी आणि पाणी खेळते ठेवणारा लहान विजेचा पंप, इतका संसार पुरे. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया सुटतो, तो विषारी असतो. त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर बरेच निरुपद्रवी असे नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतू वाळूत आणि गाळणीत वस्तीला यावयास चार ते सहा आठवडे लागतात. विरजण लागावयाच्या आधी भांडे हलवू नये, तसेच हे. तोवर दोनच मासे ठेवावेत. पुढे दर आठवड्यास चौथाई पाणी बदलावे, आणि दोनतीन मिनिटांत संपेल त्याहून अधिक खाणे घालू नये. डोंगरी ओढ्यांतल्या माशांना थंडी सोसते. त्र्यंबकच्या गारठ्यातही आमच्या पेटीला ऊब देणारे यंत्र लागलेले नाही. वरती झाकण मात्र हवेच. मरळीच्या जातीतील मासे हवेतूनही श्वास घेतात आणि रात्री उडी मारून थेट देवघरापर्यंत पोहोचतात. स्वानुभवाचे बोल आहेत.

गळवाल्याला ह्या पेटीपुढे बसून जे शिकावयास मिळते ते डोहाकाठी दहा वर्षे बसून मिळत नाही. दोऱ्याला नुसती कणकेची गोळी बांधून, आकडा न लावता, पेटीत सोडून पाहावी. मासा ती ओढून घेतो, चाखतो आणि पापणी लवते न लवते तोच थुंकतो. असे दोनतीनदा करून मग गिळतो, किंवा गिळतच नाही. पाण्यावरचे बूच पहिल्यांदा थरथरताच आम्ही आजवर हिसका मारीत आलो तो का फुकट गेला, ह्याचा उलगडा तेथे झाला. तिवईवर बोटाने टिचकी मारली की तळाचे मासे गोट्यांआड नाहीसे होतात. त्यांच्या कुशीवरून जाणारी पार्श्वरेषा पाण्यातील बारीक कंपही टिपते. काठावर पाय आपटीत जाणाऱ्याला मासे का दिसत नाहीत, हे निराळे सांगावयास नको.

आता मनूच्या अडचणीकडे. दुकानात दोन इंचांचा मिळणारा मासा पुढे फूटभर होतो, पेटीत मावत नाही, आणि मग दयाळू गृहस्थ तो नदीत सोडतात. जीवदान दिल्याचे पुण्य, त्यात स्थळ गोदावरीचे उगमस्थान! परंतु मनूने मासा सोडला तो समुद्रात. दक्षिण अमेरिकेतील सकर मासा असाच पेट्यांतून सुटून उजनीच्या जलाशयात कोळ्यांच्या जाळ्यांत येऊ लागला आहे. परदेशी मांगूर तर इतका खादाड ठरला की सरकारने २००० साली त्याच्या पैदाशीवर बंदी घातली. फार काय, आपलाच मासा दुसऱ्याच्या नदीत उपरा ठरतो. लोणावळ्यास टाटांच्या तलावाकाठी १९७० नंतर वाढविलेली खुद्रीची पिल्ले सद्हेतूनेच कावेरीत सोडण्यात आली. तिने तेथे असा जम बसविला की कावेरीचा स्वतःचा कुबडा महसीर मागे हटला आणि २०१८ साली नष्टप्राय जातींच्या यादीत गेला. उगमापाशी सोडलेले खालच्या सगळ्या नदीला पोहोचते. म्हणून आमच्या पेटीत ओढ्याचेच मासे असतात. ते मोठे झाले की ज्या ओढ्यातून आणले त्याच ओढ्यात परत जातात, आणि तेही अंगी रोग नाही अशी खात्री पटल्यावरच, कारण दुकानातील माशांच्या सहवासात राहिलेला मासा परत नेणेही बरे नव्हे.

मागे एका सोमवारी आमच्या ओळखीचे एक गृहस्थ झाकलेली बादली घेऊन दारात उभे राहिले. आत हातभर वाढलेला सकर होता, आणि दर्शन आटोपून त्याला गंगार्पण करावयाचे ठरले होते. आमचा बराच वेळ वाद झाला, चहा दोनदा झाला, आणि शेवटी बादली आमच्याकडेच राहिली. परसातल्या जुन्या हौदात तो मासा आज सुखाने शेवाळ खात आहे. मुले त्याला मनूचा मासा म्हणतात. घट झाला, खड्डा झाला. आता ह्याचा समुद्र दक्षिण अमेरिकेहून कसा आणावयाचा, असे ती आम्हांस विचारीत असतात.