तिसरा मासा नको

कुर्ला पश्चिमेच्या शोभेच्या माशांच्या बाजारात गप्पी, गोल्डफिश आणि फायटरच्या गर्दीत खाऱ्या पाण्याचे मासेही विकायला असतात. त्यात आधी नजर जाते ती नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेल्या क्लाऊनफिशवर. २००३ साली आलेल्या चित्रपटापासून मुलं त्याला निमोच म्हणतात. मासा बोटाएवढा आणि घरची टाकी त्यामानाने प्रशस्त, म्हणून पुष्कळजण एकदम तीन-चार घेतात. पहिले काही दिवस सगळं सुरळीत दिसतं. मग एक मासा पंपामागे दडून राहू लागतो. त्याची शेपटी कुरतडलेली दिसते, तो खायला पुढे येत नाही आणि एका सकाळी मेलेला सापडतो. पाणी बिघडलं, रोग आला, माल खराब निघाला अशी कारणं शोधली जातात. पण पुष्कळदा त्याला त्याच्या सोबत्यांनीच संपवलेलं असतं, आणि क्लाऊनफिशचा संसार ज्या नियमांवर चालतो त्या नियमांना धरूनच हे घडलेलं असतं.

समुद्रात क्लाऊनफिशचं घर म्हणजे समुद्रफूल. त्याच्या दंश करणाऱ्या शुंडकांमध्ये हा मासा सुखरूप राहतो, बाहेर पडला तर मोठ्या माशांचं भक्ष्य होतो. राहण्याजोगी समुद्रफुलं थोडी आणि ती बहुधा आधीच व्यापलेली, त्यामुळे प्रत्येक फुलात सर्वांत मोठी एक मादी, तिच्याखालोखाल एक नर आणि त्यांच्यामागे आकाराने उतरत गेलेले, अजून प्रजनन न करणारे लहान मासे असा क्रम लागलेला असतो. या जातीत जन्मतः मादी कोणीच नसते. पिल्लू वाढून आधी नर होतं. मादी मेली की तिचा नर मादी बनतो आणि रांगेतला पुढचा मासा नराच्या जागी येतो. हान्स आणि सिमोन फ्रिके यांनी १९७७ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की हा बदल मादीच्या दांडगाईने रोखून धरलेला असतो. ती नराला सतत दटावत राहते तोवर तो नरच राहतो. तिचा धाक गेला की बदलाची वाट मोकळी होते.

लिंग बदलतं तेव्हा सुरुवात मेंदूपासून होते, हे मला या माशाबद्दलचं सर्वांत थक्क करणारं सत्य वाटतं. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात जस्टिन ऱ्होड्स यांच्या गटाने दोन-दोन नर एकत्र ठेवून पाहिलं. वरचढ ठरलेल्या माशाच्या मेंदूचा प्रजननाशी निगडित भाग साधारण सहा महिन्यांत मादीसारखा झाला, आणि तेव्हाही त्याच्या जननग्रंथी नराच्याच होत्या. म्हणजे घरच्या टाकीत दोघांपैकी एक मासा मादीच्या तोऱ्यात वावरू लागला, तरी अंडी दिसायला बराच काळ जाऊ शकतो. धीर सोडून तिथे तिसरा मासा टाकणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

रांगेतला क्रम टिकतो तो आकारावर. पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीत पर्क्युला जातीच्या क्लाऊनफिशचं निरीक्षण करून २००३ मध्ये मांडलं की प्रत्येक मासा आपल्या वरच्यापेक्षा ठरावीक अंतराने लहान राहतो, आणि त्यासाठी स्वतःची वाढ आवरून धरतो. वरच्याच्या बरोबरीला येणं म्हणजे त्याला आव्हान देणं, आणि आव्हान देणाऱ्याला फुलाबाहेर हुसकावलं जातं. त्याच देशातल्या किंबे उपसागरात १३४ क्लाऊनफिशवर झालेलं संशोधन २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. समुद्राच्या उष्णतेच्या लाटेत त्यातले बहुतेक मासे निदान एकदा तरी लांबीने चक्क आखडले, आणि आखडलेल्यांची जगण्याची शक्यता वाढली. मोठं होणं म्हणजेच फायदा, ही आपली समजूत या माशापुढे टिकत नाही.

भांडणाची त्यांची भाषाही शिकून घेण्यासारखी आहे. वरचढ मासा अंगावर धावून जातो, पंख चावतो आणि टकटक आवाज काढतो. हा आवाज जबडा झटक्यात मिटल्यावर दात एकमेकांवर आपटून निघतो, हे बेल्जियमच्या एरिक पारमाँतिए यांनी २००७ मध्ये उलगडलं. दबलेला मासा अंग तिरकं करून थरथरतो. नवखा माणूस त्याला आजारी समजतो, पण ते थरथरणं शरणागतीचं असतं आणि ते दिसलं की खुशाल आनंद मानावा. एकाने धाक दाखवला आणि दुसऱ्याने थरथरून तो मान्य केला, म्हणजे जोडी जमते आहे. चिंता करायची ती थरथरूनही मार थांबत नसेल तेव्हा.

हेच भांडण टाकीत जिवावर बेततं. तिथे हरलेल्याला जायला दुसरी जागा नाही. काचेच्या चार भिंतींत मादी सगळी टाकीच आपली मानते, नरही खालच्यावर तुटून पडतो आणि तिसऱ्याला श्वास घ्यायला कोपरा उरत नाही. नवा मासा तिच्यासारखाच दिसत असेल तर त्रास आणखी वाढतो. जपानमधल्या ओकिनावा इथे किना हायाशी यांच्या प्रयोगांत तीन पट्ट्यांच्या क्लाऊनफिशनी सर्वाधिक हल्ले केले ते तीन पट्टे असलेल्यांवरच. बिनपट्ट्याच्या किंवा एका पट्ट्याच्या माशांकडे त्यांनी फारसं लक्ष दिलं नाही. जागेला खरा धोका आपल्याच जातीचा, हे त्यांना पट्टे मोजून कळतं.

म्हणून घ्यायचे ते दोन, दोन्ही लहान वयाचे, आणि एक दुसऱ्यापेक्षा डोळ्यांना कळेल इतका मोठा. दोघांना एकाच वेळी टाकीत सोडावं. पूर्ण वाढलेले दोन मोठे मासे एकत्र आणू नयेत. दोघी माद्या निघाल्या तर त्यातली एकही परत नर होणार नाही आणि भांडण एकीच्या मरणापर्यंत चालेल. आधीच्या मोठ्या माशाला सोबती आणायचा असेल तर नव्याला भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात ठेवून काही दिवस दोघांना एकमेकांना फक्त पाहू द्यावं. मरून क्लाऊन ही जात यात सर्वांत तापट, तिच्या वाटेला नवशिक्याने जाऊच नये. समुद्रफूल मात्र लागत नाही. कुंडीचा तुकडासुद्धा या माशांना घर म्हणून पुरतो, आणि त्याच्याजवळ अंडी घातली की साफसफाईला टाकीत घातलेल्या हातालाही ते चावतात. अंड्यांची राखण मुख्यतः नर करतो. सहा-आठ दिवस तो त्यांना पंखांनी वारा घालत राहतो.

मासा कुठून आला हे दुकानात विचारावंच. तमिळनाडूत मंडपम इथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशची पैदास कधीच साध्य केली आहे. आपल्याकडे ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाने राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या मदतीने त्यांचं उबवणी केंद्र उभं केलं. टाकीत जन्मलेला मासा मिळत असताना प्रवाळावरून पकडून आणलेला घेण्याचं काहीच कारण नाही. टाकीतला मासा तयार खाद्य सहज खातो आणि त्याच्यापायी समुद्रातली एखादी रांग मोडत नाही.

आणि विकत घेण्याआधी आणखी एक आकडा ध्यानात ठेवा. पर्क्युला जातीची मादी समुद्रात सुमारे ३० वर्षं जगू शकते, असा बस्टन यांच्या अभ्यासाचा अंदाज आहे. आज घरी आणलेल्या जोडीची काळजी उद्या तुमच्या मुलांनाही घ्यावी लागू शकते, तेव्हा तेवढी तयारी असेल तरच पिशवी हातात घ्या.