पंच नसलेला सामना

फुटबॉलमधल्या वंशद्वेषावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात युरोपातली मोठी स्टेडियम असावीत. मला आठवला 2016 चा सप्टेंबर. फिफाने 2013 मध्ये नेमलेलं वंशद्वेषविरोधी कृतिदल त्या महिन्यात, काम पूर्ण झाल्याचं सांगून, विसर्जित केलं. आणि त्याच महिन्यात भेदभावाविरुद्धच्या कामासाठीचा आपला पहिला ‘डायव्हर्सिटी अवॉर्ड’ दिला नागपूरच्या ‘स्लम सॉकर’ला. झुरिकमधल्या फिफाच्या लेखी संपलेलं काम नागपुरात चालूच होतं.

या संस्थेचा इतिहास आता ‘झुंड’ चित्रपटामुळे घरोघरी पोचला आहे. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे, भर पावसात मोडक्या बादलीला लाथा मारत खेळणारी पोट्टी, 2001 ची झोपडपट्टी फुटबॉल स्पर्धा, मग बेघरांच्या विश्वचषकात भारताचा संघ. नागराज मंजुळेंनी 2022 मध्ये ते पडद्यावर आणलं, अमिताभ बच्चन बारसेंवर बेतलेल्या भूमिकेत उभे राहिले. तेव्हा ते पुन्हा सांगत नाही. मला ओढ लागली ती ही संस्था वापरते त्या एका पद्धतीची. तिचं नाव ‘फुटबॉल थ्री’.

तिचा उगम कोलंबियातला. 1994 च्या विश्वचषकात आंद्रेस एस्कोबारकडून अमेरिकेविरुद्ध स्वयंगोल झाला. दहा दिवसांनी मेदेयीन शहरात त्याला गोळ्या घालून मारलं. तिथेच शिकत असलेल्या युर्गेन ग्रीसबेक या जर्मन तरुणाने पुढे टोळ्यांमधल्या पोरांसाठी सामने सुरू केले. अट अशी, की संघात मुली हव्यात आणि पहिला गोल मुलीनेच करायचा. एरवी जिच्याकडे कुणी पास दिला नसता, तिला शोधत फिरण्याची वेळ पोरांवर आली.

फुटबॉल थ्रीचा सामना तीन भागांचा असतो. पहिल्या भागात दोन्ही संघ एकत्र बसून नियम ठरवतात. दुसऱ्यात खेळतात. तिसऱ्यात पुन्हा बसतात आणि आपण शब्द पाळला का, याचा हिशेब करतात. गोलांचे गुण वेगळे, वागणुकीचे वेगळे, आणि वागणुकीचे गुण प्रतिस्पर्ध्यांनी द्यायचे. मैदानावर जिंकलेला संघ तिसऱ्या भागात हरू शकतो.

पंच नाहीच. फाऊल केला तर ज्याने केला त्यानेच हात वर करायचा. बाहेर एक मध्यस्थ उभा असतो. त्याने पाहायचं, लक्षात ठेवायचं, पण निवाडा करायचा नाही. समजा, रंगावरून किंवा जातीवरून कुणाला हाक मारायची नाही असं आधी ठरलं आणि खेळाच्या भरात कुणीतरी गोलकीपरला ‘ए काळ्या’ म्हणालाच. मोठ्या फुटबॉलमध्ये हा मामला पंचाकडे जातो: आधी खेळ थांबवा, मग स्थगित करा, शेवटी सामनाच रद्द करा. इथे तिसऱ्या भागात गोलकीपर समोरच्याच्या डोळ्यांत बघून सांगतो, तू असं म्हणालास. आणि म्हणणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं, तेही स्वतःच्या संघासमोर, ज्याचे गुण त्याच्यामुळे जाणार आहेत. शिक्षा बाहेरून येत नाही. ती आपल्याच दोस्तांच्या नजरेतून येते.

मी या कल्पनेच्या प्रेमात पडलो, पण तिच्या मर्मातच अडचण आहे. तिसरा भाग बोलणाऱ्यांचा असतो. जो रोज अपमान गिळतो, तो रिंगणात बसवल्याबरोबर बोलू लागेल असं थोडंच आहे? अकरा मुलांमधली एकटी मुलगी ‘सगळं ठीक होतं’ म्हणून मोकळी होते. शिट्टी काढून घेतली म्हणजे सत्ता नाहीशी होत नाही. ती मोठ्या आवाजाच्या पोराकडे जाते. म्हणून सगळा भार मध्यस्थावर. कुणाची चुप्पी म्हणजे संमती आणि कुणाची चुप्पी म्हणजे भीती, हे त्याला ओळखता आलं पाहिजे. ही कला दोन दिवसांच्या शिबिरात येत नाही. वस्तीतलाच, तीच पोरं ओळखणारा तरुण त्यासाठी लागतो, आणि त्याला पोट असतं. बरी नोकरी मिळाली की तो जाणारच, त्याने जावंच. त्याच्याबरोबर वर्षानुवर्षांची समज निघून जाते. देणगीदाराला गोल मोजता येतात, मुलं मोजता येतात. ही समज कोणत्या रकान्यात भरायची?

शिवाय रिंगणात खेळाडू बसतात, प्रेक्षक नाही. मार्च 2024 मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात आयव्हरी कोस्टच्या एका खेळाडूला सामन्यातल्या गर्दीने वंशवाचक शिव्या दिल्या, पाठलाग करून मारहाण केली. मलप्पुरम म्हणजे फुटबॉलवेडा मुलूख. तिथे खेळाचं प्रेम कमी नव्हतं. चेंडूने माणसं आपोआप जवळ येतात ही आपली लाडकी समजूत तिथेच खोटी ठरते. त्या गर्दीला गाठायला पोलीस लागतात, आयोजकांवर दंड लागतो, खटले लागतात. फुटबॉल थ्री ते करू शकत नाही. ती फार तर उद्याच्या गर्दीतले काही जण आज घडवू शकते, तेही मध्यस्थाला महिन्याचा पगार वेळेवर मिळाला तर. पुरस्कार देणाऱ्यांनी आधी त्या पगाराची सोय करावी.