कॅनियन प्रदेशातील फिरते घर : उतार, ब्रेक आणि नियमन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नैर्ऋत्येस युटा, कोलोराडो, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना या चार राज्यांच्या सीमा एका बिंदूत मिळतात. या बिंदूच्या सभोवती सुमारे ३ लाख ३७ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रावर कोलोराडो पठार पसरलेले आहे. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाहून ते थोडे मोठे आहे. वालुकाश्म, पंकाश्म व चुनखडक यांचे थर येथे जवळजवळ आडवे राहून वर उचलले गेले आणि कोलोराडो नदी व तिच्या उपनद्यांनी ते खोल कापून काढले. ४४६ किलोमीटर लांबीची आणि काही ठिकाणी १,८०० मीटरपेक्षा अधिक खोल असलेली ग्रँड कॅनियन ही या झिजेची सर्वपरिचित साक्ष होय. पठाराच्या बऱ्याच भागात वर्षाला २५ सेंटिमीटरपेक्षाही कमी पाऊस पडतो. वनस्पतींचे आच्छादन विरळ असल्याने खडक उघडे राहतात आणि घळयांचे कडे ताठ उभे दिसतात.

या निसर्गाच्या ओढीने दरवर्षी असंख्य कुटुंबे मोटारीमागे ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ जोडून येथे येतात. ट्रेलर म्हणजे झोपण्याची जागा, स्वयंपाकघर, पाण्याची टाकी व शौचालय असलेले, परंतु स्वतःचे इंजिन नसलेले चाकांवरचे घर. सपाट महामार्गावर ते मोटारीमागून निमूटपणे येते. घळयांच्या प्रदेशात मात्र रस्त्याचा उतार, वळणांची त्रिज्या, बोगद्याची उंची आणि ओढ्यातील पाणी या सर्वांचा हिशेब त्याच्या वजनाशी घालावा लागतो. हा हिशेब चुकण्याचे प्रसंग चढापेक्षा उतारावर अधिक गंभीर ठरतात. चढावर इंजिन दमले तर गाडी थांबते. उतारावर ब्रेक दमले तर गाडी थांबत नाही.

खडकातून उतरलेल्या गाड्या

हा प्रश्न मोटारीपेक्षा जुना आहे. १८७९ च्या अखेरीस मॉर्मन पंथीयांचा सुमारे २५० माणसांचा एक जथा ८३ गाड्या व गुरेढोरे घेऊन युटाच्या आग्नेय भागात वसाहत करण्यासाठी निघाला. सहा आठवड्यांचा मानलेला प्रवास सहा महिने चालला. वाटेत कोलोराडो नदीच्या खोल घळईने त्यांची वाट अडवली. कड्यातील एक अरुंद भेग सुरुंग लावून रुंद करण्यात आली आणि जानेवारी १८८० मध्ये तिच्यातून एकेक गाडी नदीपर्यंत उतरवण्यात आली. मागची चाके साखळदंडांनी जखडलेली आणि गाडीमागे दोर धरून माणसे ओढ देत असलेली, अशी ती व्यवस्था होती. ‘होल इन द रॉक’ या नावाने ही जागा ओळखली जाते. ग्लेन कॅनियन धरणाच्या जलाशयाने आता तिचा तळ गिळला आहे. तेथपर्यंत जाणारा सुमारे ९० किलोमीटरचा कच्चा रस्ता मात्र आजही वापरात आहे. ओझे ओढण्यापेक्षा ते मागून रोखून धरणे कठीण, हा त्या गाडीवानांचा अनुभव आजच्या ट्रेलरचालकालाही जसाच्या तसा लागू पडतो.

विसाव्या शतकात या भागातील रस्ते वेगवेगळ्या गरजांतून घडले, पर्यटकांच्या सोयीसाठी ते सगळेच बांधलेले नव्हते. मंदीच्या काळात ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ या संघराज्य सरकारच्या रोजगार योजनेतील तरुणांनी १९३३ ते १९४२ या काळात देशभर जी कामे केली, त्यांत येथील काही दुर्गम रस्त्यांचाही समावेश होता. पुढे अणुशक्तीसाठी युरेनियमचा शोध सुरू झाला आणि खाणमालकांनी कडे फोडून वाटा काढल्या. युटा राज्यमार्ग २६१ वरील ‘मोकी डगवे’ हा त्यांतील प्रसिद्ध टप्पा. खाणीतील खनिज मेक्सिकन हॅट येथील प्रक्रिया कारखान्यात नेण्यासाठी टेक्सस झिंक या कंपनीने १९५८ च्या सुमारास तो बांधला. सुमारे ५ किलोमीटरच्या या खडीच्या, हेअरपिन वळणांच्या रस्त्यावर जवळपास ३३५ मीटर उंची उतरावी लागते. उतार काही ठिकाणी ११ टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे १०० मीटर आडव्या अंतरात ११ मीटर. ८.५ मीटरपेक्षा लांब किंवा सुमारे साडेचार टनांपेक्षा जड वाहनांनी या मार्गाने जाऊ नये, अशी युटाच्या परिवहन विभागाची शिफारस आहे. तुलनेसाठी, भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांनुसार डोंगराळ प्रदेशात सर्वसाधारण चढ ५ टक्के आणि अपवादात्मक स्थितीत ७ टक्के धरला जातो. ३,००० मीटर उंचीपर्यंतच्या अतितीव्र उताराच्या प्रदेशात हेच प्रमाण ६ व ८ टक्के आहे.

उताराचे भौतिकशास्त्र

मोकी डगवेच्या मर्यादेतच बसणारे, साडेचार टन एकत्रित वजनाचे मोटार व ट्रेलर तेथून खाली उतरले असे समजू. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केल्यास ३३५ मीटरच्या उतरणीत सुमारे दीड कोटी ज्यूल स्थितिज ऊर्जा मुक्त होते. वेग वाढू द्यायचा नसेल, तर या सर्व ऊर्जेची विल्हेवाट लावलीच पाहिजे. सुमारे ४७ लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसपासून उकळीपर्यंत तापवण्यास पुरेल इतकी ही उष्णता आहे. हवेचा व चाकांचा अवरोध तिचा काही भाग घेतो. पण कमी वेगात हवेचा अवरोध नगण्य असतो. उरलेला भार ब्रेकवर किंवा इंजिनावर पडतो. चालकाने पाय सतत ब्रेकवर ठेवला, तर ब्रेकचे अस्तर तापून त्याचे घर्षण घटते. ब्रेकमधील द्रव उकळल्यास पेडल सरळ तळाशी जाते. म्हणूनच उतार सुरू होण्यापूर्वीच गाडी खालच्या गिअरमध्ये टाकून इंजिनालाच वेग रोखू देणे आणि ब्रेक अधूनमधून, थोडा वेळ पण ठामपणे दाबून सोडणे ही पद्धत सुरक्षित मानली जाते. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, हा आपल्याकडील जुन्या चालकांचा दंडक याच तत्त्वावर उभा आहे. इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलवर सोडण्याची खोड या गणितात नेमकी कोठे बसते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे येथे निर्णायक ठरते. अमेरिकेतील बहुतेक प्रवासी ट्रेलरना विद्युत ब्रेक असतात आणि चालकाजवळील नियंत्रकाने त्यांचा जोर कमीजास्त करता येतो. केवळ पुढच्या मोटारीचेच ब्रेक लागले, तर मागचे वजन तिला ढकलू लागते आणि वळणावर दोन्ही वाहने चाकूच्या पात्यासारखी एकमेकांवर दुमडण्याचा धोका निर्माण होतो. जोडणी तुटल्यास ट्रेलरचे ब्रेक आपोआप लावणारी खटकीही याच कारणासाठी असते.

दुसरा प्रश्न वजनाच्या वाटणीचा. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार जोडबिंदूवर, म्हणजे मोटारीच्या मागील टोकावर पडावा असा संकेत आहे. तो कमी झाला की ट्रेलर शेपटीसारखा डावीउजवीकडे हेलकावू लागतो. कड्याच्या तोंडाशी येणारा आडवा वारा किंवा शेजारून गेलेला मोठा ट्रक अशा हेलकाव्यांना निमित्त पुरवतो. त्या वेळी मोटारीचा ब्रेक जोराने दाबणे घातक असते. ॲक्सिलरेटर सोडून केवळ ट्रेलरचा ब्रेक हाताने लावणे, हा त्यावरचा उपाय आहे. वाळवंटात येथे एक खास पेच उद्भवतो. पाणी तर सोबत न्यावेच लागते, आणि प्रत्येक लिटर म्हणजे एक किलो. दीडशे लिटरची टाकी ट्रेलरच्या आसाच्या मागे बसवलेली असेल, तर ती भरताच जोडबिंदूवरील भार घटतो. एकूण वजन मर्यादेत असूनही गाडी अस्थिर होते ती अशी.

उंचीचाही परिणाम लक्षात घ्यावा लागतो. बोल्डर व टोरी या गावांदरम्यान युटा राज्यमार्ग १२ सुमारे २,९२५ मीटर उंचीवरून जातो. हा टप्पा १९८५ मध्ये पक्का झाला. विरळ हवेमुळे साध्या इंजिनाची शक्ती दर ३०० मीटरला ढोबळमानाने ३ टक्के घटते. या उंचीवर चौथाईहून अधिक शक्ती कमी झालेली असते. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात ही घट बरीच कमी असते. उन्हाळ्यात डांबराचे तापमान ६० अंशांच्या वर जाते, आणि हवा कमी भरलेले किंवा महिनोन्‌महिने उन्हात उभे राहून जुने झालेले टायर अशा वेळी फुटतात.

कोरडा ओढा आणि चिकणमाती

जुलै ते सप्टेंबर या काळात या प्रदेशात ‘नॉर्थ अमेरिकन मॉन्सून’ सक्रिय असतो. भारतीय मोसमी पावसाच्या तुलनेत तो फारच क्षीण आहे. परंतु उघड्या खडकावर पडलेले पाणी मुरत नाही, ते थेट घळयांत धावते. आकाश निरभ्र असलेल्या ठिकाणीही कित्येक किलोमीटर वर कोसळलेल्या पावसाचा लोंढा येऊन पोहोचतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी दक्षिण युटात अशाच पुरांनी सुमारे २० बळी घेतले. हिल्डेल गावाजवळ महिला व मुले असलेली दोन वाहने वाहून गेली आणि सायन राष्ट्रीय उद्यानातील एका अरुंद घळईत सात जण सापडले. कोरड्या ओढ्याच्या पात्रात सावली व सपाट वाळू पाहून ट्रेलर उभा करण्याचा मोह किती घातक आहे, हे यावरून कळावे.

पाऊस ओसरल्यावरही अडचण संपत नाही. येथील काही पंकाश्मांत बेंटोनाईट ही पाण्याने फुगणारी चिकणमाती असते. कोरडी असताना घट्ट वाटणारी वाट ओली झाली की चारही चाकांना शक्ती देणारी गाडीसुद्धा तिच्यावर घसरते. अशा वेळी वाळण्याची वाट पाहणे एवढेच हाती उरते. ट्रेलर मागे घेणे हे स्वतंत्र कसब आहे, कारण स्टिअरिंग ज्या दिशेला वळवावे त्याच्या उलट दिशेला ट्रेलरचे मागचे टोक जाते. अरुंद वाटेवर वळायला जागा नसल्यास संपूर्ण अंतर असेच मागे यावे लागते. म्हणून जाणकार प्रवासी ट्रेलर पक्क्या रस्त्याजवळील तळावर ठेवतात आणि आतल्या वाटा केवळ मोटारीने पाहून येतात.

जमीन कोणाची, जबाबदारी कोणाची

युटाची सुमारे ६३ टक्के जमीन संघराज्य सरकारच्या मालकीची आहे. त्यातील बराच मोठा भाग ‘ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ पाहते, तर राष्ट्रीय उद्याने ‘नॅशनल पार्क सर्व्हिस’कडे आहेत. नवाहो राष्ट्राच्या भूमीवर त्यांचे स्वतंत्र शासन असून तेथे मुक्काम करण्यास त्यांची परवानगी लागते. ब्युरोच्या मोकळ्या जमिनीवर सामान्यतः २८ दिवसांत १४ दिवस विनाशुल्क तळ ठोकता येतो. मात्र आधीच्या वापरातील जागा सोडून चाके बाहेर नेल्यास मातीवरील सूक्ष्मजीवांचा जिवंत थर तुटतो आणि तो भरून यायला दशके लागतात. सांडपाणी व मैला ठराविक केंद्रांवरच रिकामा करणे बंधनकारक आहे.

बचावाचा भार मात्र स्थानिकांवर येतो. युटात शोध व सुटकेचे काम काउंटीच्या शेरीफकडे असते आणि ते बहुतांशी स्वयंसेवकांच्या बळावर चालते. गारफील्ड काउंटीचे क्षेत्र सुमारे १३,५०० चौरस किलोमीटर, तर २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या अवघी पाच हजारांच्या आसपास. घळईत अडकलेला एक ट्रेलर बाहेर काढायचा, तर अशा गावांतील माणसांना हातातली कामे टाकून निघावे लागते.

भारतातही हा विषय आता परका राहिलेला नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने कॅरव्हॅन व कॅरव्हॅन पार्कसाठी धोरण आखले. महाराष्ट्र व केरळ या राज्यांनी २०२१ मध्ये आपापली कॅरव्हॅन पर्यटन धोरणे जाहीर केली. आपल्याकडील कॅरव्हॅन प्रामुख्याने एकाच सांगाड्यावर बांधलेल्या, स्वतःच्या इंजिनाच्या असतात. त्यामुळे जोडणी व हेलकावे यांचे प्रश्न येत नाहीत. उतार, पाणी आणि सांडपाणी यांचे येतातच.

सायन उद्यानातील ‘सायन–माउंट कार्मेल’ मार्गाची कथा नियमनाच्या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. सुमारे १.८ किलोमीटर लांबीचा त्याचा बोगदा १९३० मध्ये, त्या काळच्या लहान मोटारींसाठी खुला झाला. पुढे वाहने वाढली, रुंद झाली, उंच झाली. कमानीच्या छताला धडकू नये म्हणून मोठ्या वाहनांना बोगद्याच्या मध्यातून चालवणे भाग पडले. त्यामुळे सुमारे २.४ मीटरपेक्षा रुंद किंवा ३.४५ मीटरपेक्षा उंच वाहनांसाठी समोरची वाहतूक थांबवून, शुल्क घेऊन त्यांना पार करण्याची पद्धत अनेक वर्षे चालली. तरीही बोगद्यापलीकडच्या तीव्र वळणांवर लांब वाहने मध्यरेषा ओलांडतच राहिली. अखेर ठराविक लांबी, रुंदी, उंची व वजनापेक्षा मोठी वाहने २०२६ च्या मध्यापासून या मार्गाऐवजी उद्यानाबाहेरील रस्त्यांनी वळवण्याचा निर्णय उद्यान प्रशासनाने जाहीर केला. जवळजवळ शतकभर जुना रस्ता रुंद करायचा, तर वालुकाश्माचा कडाच फोडावा लागला असता.