पगाराची स्लिप तपासणारं टूल कसं बनवायचं?

महिन्याच्या सात-दहा तारखेला चाकण, महाळुंगे, भोसरी, तळवडे या पट्ट्यात मोबाईलवर 'खात्यात पगार जमा' असा मेसेज येतो. आलेली रक्कम बरोबर आहे का, हे तपासणारे मात्र थोडेच. खर्चाचा हिशोब ठेवणारी ॲप्स ढीगभर आहेत, पण ती सगळी पगार हातात आल्यानंतर कामाला लागतात. कंत्राटी कामगाराचे पैसे कमी होतात ते बरेचदा त्याच्या आधी, स्लिपमध्येच. म्हणून तुम्हाला थोडंफार कोडिंग येत असेल आणि आपल्या भागातल्या लोकांच्या उपयोगाचं आर्थिक टूल बनवायचं असेल, तर बजेट ॲपच्या भानगडीत न पडता स्लिपपासून सुरुवात करा.

टूल म्हणजे एकच वेबपेज. वापरणाऱ्याने चार गोष्टी भरायच्या: मूळ पगार अधिक महागाई भत्ता, बाकीचे भत्ते, ओव्हरटाइमचे तास आणि महिना. टूलने सांगायचं की स्लिपवर काय दिसायला हवं. खरी-खोटी ठरवण्याचं काम टूलचं नाही, ते स्लिप शेजारी धरून माणूस स्वतः करतो.

एक उदाहरण घेऊ. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १४,००० रुपये, इतर भत्ते ४,०००, ओव्हरटाइम ३० तास. ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ५९ पासून ठरलेलं आहे. त्या दरात कोणते भत्ते धरायचे यावर वाद होतात, म्हणून टूलने फक्त मूळ पगार आणि महागाई भत्ता धरावा, म्हणजे निघेल तो किमान आकडा. १४,००० भागिले २६ दिवस, भागिले ८ तास, म्हणजे तासाला ६७.३१ रुपये. त्याच्या दुप्पट १३४.६२, आणि ३० तासांचे सुमारे ४,०३८. एकूण झाले २२,०३८. अनेक ठिकाणी ओव्हरटाइम 'सिंगल'ने दिला जातो. तसं झालं तर इथे एका महिन्यात २,०१९ रुपये कमी येतात. खोलीच्या भाड्याचा मोठा भाग त्यातच गेला.

आता कपात. पीएफ १२ टक्के, तोही १४,००० वर. ओव्हरटाइमवर पीएफ लागत नाही. म्हणजे १,६८०. ईएसआय ०.७५ टक्के, पण हा ओव्हरटाइम धरून, आणि पुढच्या रुपयापर्यंत वर नेऊन: १६६. व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. हातात यायला हवेत १९,९९२.

इथे प्रोग्रॅमर हमखास फसतो. ईएसआयची मर्यादा २१,००० आहे, एकूण पगार २२,०३८ झाला, म्हणून तो 'ईएसआय लागू नाही' अशी अट लिहून मोकळा होतो. पण मर्यादा मोजताना ओव्हरटाइम धरत नाहीत, वर्गणी मोजताना धरतात. शिवाय पगारवाढ होऊन मर्यादा मध्येच ओलांडली, तरी एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च हा चालू कालावधी संपेपर्यंत कपात सुरूच राहते. टूलने हे चुकीचं सांगितलं तर माणूस विनाकारण सुपरवायझरशी भांडून येईल. चुकीचं टूल नसलेल्या टूलपेक्षा वाईट, ते असं.

दुसरा गोंधळ पीएफ पासबुकात होतो. 'माझे १,६८० कापले, मग मालकाचे फक्त ५१४ का?' हा प्रश्न नेहमीचा. मालकाचा हिस्साही १२ टक्केच असतो, पण त्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात. आपल्या उदाहरणात १,१६६ पेन्शनच्या रकान्यात आणि उरलेले ५१४ पीएफमध्ये. (पेन्शनचा हिस्सा १५,००० च्या पगारावर, म्हणजे १,२५० रुपयांवर थांबतो.) टूलने हे तिन्ही आकडे पासबुकात ज्या क्रमाने दिसतात त्याच क्रमाने दाखवावेत.

खरी जोखीम मात्र वेगळी आहे: पैसे कापले, पण भरलेच नाहीत. पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. म्हणून निकालाखाली एक ओळ टाका: '१५ तारखेनंतर काही दिवसांनी पासबुक बघा.' नोंदवलेल्या मोबाईलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल दिला तरी शिलकीचा एसएमएस येतो. ठेकेदार बदलला की यूएएन तोच राहायला हवा, फक्त त्याखाली नवा मेंबर आयडी जोडला जातो. नव्या ठेकेदाराने नवा यूएएनच काढला असेल, तर जुने पैसे वेगळे पडून राहतात. एक साधा प्रश्न विचारा: आजवर ठेकेदार किती बदलले, आणि पासबुकात मेंबर आयडी किती दिसतात? आकडे जुळले नाहीत तर शोध तिथून सुरू होतो. ठेकेदाराने पीएफ भरला नाही तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते, हेही तिथेच लिहा. बऱ्याच जणांना ते माहीतच नसतं.

आता थोडं तांत्रिक. सगळे दर कोडमध्ये विखरून ठेवू नका. एका वेगळ्या तक्त्यात, 'कधीपासून लागू' या तारखेसकट ठेवा. ईएसआयचा कामगार हिस्सा १ जुलै २०१९ पूर्वी १.७५ टक्के होता. महिलांना व्यवसाय कराची सूट एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत वाढली (म्हणजे वरच्या उदाहरणात कामगार महिला असेल तर २०० रुपये कापायचेच नाहीत, तेव्हा हा पाचवा रकाना घ्यावाच लागेल). नोव्हेंबर २०२५ मध्ये चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यात वेतनाची व्याख्याच बदलली. पानावर 'दर शेवटचे कधी तपासले' ही तारीख दिसलीच पाहिजे.

मराठी कीबोर्डवरून कोणी देवनागरी अंक टाकले, तर जावास्क्रिप्टला तो आकडा कळत नाही आणि उत्तराच्या जागी 'नॅन' छापलं जातं. हिशोबाआधी अंक बदलून घ्या, स्वल्पविराम काढून टाका. दहा ओळींचं काम आहे.

आणि लॉगिन नको. नाव, आधार, यूएएन, मोबाईल नंबर, काहीही मागू नका. सगळा हिशोब ब्राउझरमध्येच होतो, सर्व्हरची गरजच नाही. पगाराचे आकडे बाहेर जात नाहीत, हे पहिल्याच ओळीत मोठ्या अक्षरात लिहा. लिंकवर क्लिक करून खातं रिकामं झाल्याच्या गोष्टी ऐकलेला माणूस तुमच्यावर सहज विश्वास ठेवणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

स्लिपचं काम नीट चाललं की कर्जाचा रकाना जोडता येईल. गाडीसाठी ८०,००० रुपये, '१० टक्के फ्लॅट', ३ वर्षं. हप्ता २,८८९. स्प्रेडशीटमधलं 'रेट' फंक्शन वापरलं की खरा वार्षिक दर सुमारे १७.९ टक्के निघतो. पण ते नंतर. आधी पाच-सहा ओळखीच्या कामगारांच्या खऱ्या स्लिपांवर टूल चालवून बघा. त्यात किमान एक स्लिप फेब्रुवारीची असू द्या, आणि एक ओव्हरटाइम भरपूर झालेल्या महिन्याची.